मेडिकलवरचं पाणी

सिवनी माळवा (मध्य प्रदेश)
दि. २४ मार्च

प्रिय ताईस,
सिद्धूचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पोचलो. फोन करणार होतो, पण आई फोन स्पीकरवर टाकती आणि शेजारची सगुणाबाई आपलं घर सोडून ऐकायला येऊन बसती. त्यापेक्षा पत्र बरं. पत्ता पेट्रोलपंपाचा हाय, पंपवाला माणूस चांगला हाय, त्याच्याकडं एक मोर येतो. पाळलेला न्हाई, नुसता येतो.

तू चिडलीस, ते कळतंय मला. आईला माझ्या लिव्हरचा तुकडा द्यायचा तर आधी माझ्याच लिव्हरवरली चरबी उतरली पाहिजे, सहा किलो वजन कमी कर आणि जूनमध्ये परत तपासणीला ये, असं संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. आणि मी पेडगावात राहून चालायचं सोडून व्यंकटरावांच्या हार्वेस्टरवर गहू कापायला निघून आलो. पण एका जागी बसून वाळणाऱ्यातला मी न्हाई. सगुणाबाई रोज येऊन आईचं नाव घेऊन विचारायची की पंचफुलानं जन्मात दारूचा थेंब घेतला न्हाई, मग लिव्हर गेलंच कसं. ते ऐकण्यापेक्षा उन्हात घाम गाळलेला बरा.

साखर सोडली. चहासुद्धा कोरा, बिनसाखरेचा. व्यंकटराव म्हणतेत की असला चहा पिण्यापेक्षा टाकीतलं डिझेल प्यावं. इथं सकाळी पोह्यासोबत जिलेबी देतेत, एकाच ताटात. मी जिलेबी परत केली तर दुकानदारानं विचारलं की घरात कोणी वारलं का. त्याची जिलेबी बघायसारखी असती, पण ते राहू दे.

लोभ हाय तेवढा राहू दे. कमी करायचं ते मी बघतो.
तुझा,
सिद्धोधन


पेडगाव
दि. २ एप्रिल

चि. सिद्धूस,
ताईचा जय भीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. आईला मोराचं तेवढं वाचून दाखवलं. परवा तिच्या पोटातलं पाणी परत काढून आणलं. दोन दिवस बरी असते, मग पाय सुजतात. तक्रार करत नाही. अंगणात खाट टाकून बसते आणि तू केव्हा येणार म्हणून विचारते, ते तुझ्यासाठी की तपासणीसाठी, ते मी विचारलेलं नाही.

परवा फोनवर तू हळूच सांगितलंस की वजन उतरायच्या ऐवजी थोडं चढलं. दिवसभर उन्हात, गोड बंद, मग चढलं कशानं? एक काम कर. चार दिवस जे जे तोंडात घालशील त्याचा पुडा, कागद, खोकं काही फेकू नकोस. पिशवीत जमव आणि पाठव. माझा तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. पण काय खाल्लंस ते लिहायला सांगितलं तर तू जिलेबीवाल्यावर दोन पानं लिहिशील आणि खाल्लेलं राहूनच जाईल.

माया आहे म्हणून बोलते, हे ध्यानात ठेव.
तुझी,
संघप्रिया


सिवनी माळवा
दि. १० एप्रिल

प्रिय ताईस,
जय भीम. वि. वि.

पिशवी इंदूरवरून येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं देतोय, परभणीच्या स्टँडवर घे. त्यानं विचारलं की आत काय, मी म्हणलो कचरा. तो लय वेळ माझ्याकडं बघायलाय.

बिस्किटाचे पुडे दिसतील, पण ते बिनसाखरेचे हायत, वर मोठ्या अक्षरात लिहिलंय. बाकी सगळे खोके मेडिकलवरच्या पाण्याचे. कुणाला ऊन लागू नये म्हणून व्यंकटराव मेडिकलवरून पेटीच आणतेत आणि मशीनवर सीटच्या मागं ठेवतेत. संत्र्याचं, सफरचंदाचं, पाहिजे ते घ्यायचं. तहान लागली की एक नळी खुपसायची. ते औषधात धर, खाण्यात धरू नको.

इथला गहू संपत आला. पुढच्या आठवड्यात बोधनला जायलोय, निजामाबादकडं, उन्हाळी भात कापायला. मोर दोन दिवस झाले आला न्हाई.

आईला सांभाळ. लोभ पातळ होऊ देऊ नको.
तुझा,
सिद्धोधन


पेडगाव
दि. १६ एप्रिल

चि. सिद्धूस,
जय भीम आणि आशीर्वाद.

पिशवी मिळाली. ओसरीवर ठेवली आणि पाय धुऊन येईपर्यंत तिला मुंग्या लागल्या होत्या. आईनं लांबूनच विचारलं की सिद्धूनं मिठाई पाठवली का.

सगळं झटकून दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंकडं नेलं. बाईंनी खोक्याची मागची बाजू वाचायला लावली. पाणी, त्यानंतर लगेच साखर, मग डेक्स्ट्रोज, म्हणजे पुन्हा साखरच, खाली फळाचा नुसता वास. जुलाब झाल्यावर पाण्यात कालवून देतात ती ओआरएसची पुडी वेगळी. हे खोक्यातलं सरबत आहे. मेडिकलच्या फळीवर ठेवलं म्हणून औषध होत नाही. बिस्किटावर समोर बिनसाखरेचं लिहिलंय, मागं मैदा, तेल आणि माल्टोडेक्स्ट्रिन आहे, त्याचीही पोटात साखरच होते. बाई म्हणाल्या, असलं प्यालेलं गोड पोट भरत नाही, माणूस वर जेवतोही तेवढंच, आणि जास्तीचं सगळं लिव्हरवर जाऊन बसतं. म्हणजे घामानं जे घालवायचं ते तू नळीनं परत ओढून घेत होतास.

उन्हात पाणी पी, मीठ घातलेलं ताक पी, लिंबू पी. तुझी चूक नाही, मलाही कळलं नसतं. आता कळलं.

जपून राहा, आणि राग धरू नकोस.
तुझी,
संघप्रिया


पेडगाव
दि. ३० एप्रिल

चि. सिद्धूस,
जय भीम.

तू फोनवर ते पाणी बंद केलं म्हणालास. काल व्यंकटराव मशीनचा पट्टा न्यायला इकडं आले होते, जाता जाता आईला भेटायला थांबले. आईसमोर काही बोलले नाहीत. फाटकाशी मला हसत म्हणाले की तुमचा भाऊ एकटा पेटी संपवतो, त्याला ऊन काय लागणार.

मी रागावून लिहीत नाही. दवाखान्यात पहिल्याच दिवशी समजावून सांगणाऱ्या दुसऱ्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती. लिव्हर देणाऱ्याला शेवटच्या दिवसापर्यंत नाही म्हणता येतं. तो नाही म्हणाला तर दवाखाना घरच्यांना एवढंच सांगतो की जुळत नाही. कारण आईलासुद्धा सांगत नाहीत. हे मी तुझ्यापासून लपवलं. माझा रक्तगट जुळत नाही, तुझा जुळतो, आणि मला तुझं हो पाहिजे होतं.

आई हल्ली दुपारची फार झोपते. डॉक्टर म्हणतात जूनच्या पुढं ढकलू नका. तुझं काय ते कळव. काहीही कळवलंस तरी तू माझा भाऊच आहेस.
तुझी,
संघप्रिया


बोधन (जि. निजामाबाद)
दि. १८ मे

प्रिय ताईस,
सिद्धूचा जय भीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पत्र खिशात घालून भात कापत राहिलो. इथली जमीन वल्ली, चाक रुततं, मग दुसरं ट्रॅक्टर आणा, त्याचं चाक रुततं. असं चाललंय.

पहिल्यांदा ते पाणी मी चुकून प्यालो. तू सांगितल्यावर चुकून न्हाई. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या पोटावर बोटानं दाखवलं होतं की इथून असं कापणार आणि तिकडं असं वळणार. त्यांचं बोट गार होतं. तवापासून शर्ट घालताना मला ते बोट लागतं. चरबी हाय तोवर कुणी कापत न्हाई, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घरून निघालो ते पण त्याच्यानंच असंल, सगुणाबाईचं उगंच नाव घेतलं.

न्हाई म्हणता येतं, हे वाचून मला लय बरं वाटलं. गाढ झोपलो. सकाळी पेटीतून खोकं उचललं आणि वाटलं, आता हे कशाला प्यायचं. न्हाई म्हणायचं तर एका ओळीत म्हणता येतं, त्यासाठी सरबत ढोसायची गरज न्हाई. ठेवून दिलं. ती एक ओळ लिहायला रोज बसलो, पण ती काही लिहिणं झालं न्हाई. ताक आणि पाण्यावर राहिलो. भाताच्या काट्यावर अडीच किलो उतरलंय. हमाल म्हणतेत पोतं गळायलंय.

मशीन सोडतोय. व्यंकटराव चिडले, मग स्वतःच निजामाबादच्या स्टेशनवर सोडतो म्हणाले. पुढच्या आठवड्यात परभणीला उतरतो. उरलेलं वजन पेडगावातच उतरवीन, तू म्हणशील तेवढं चालतो. डॉक्टरांकडून जूनची तारीख घेऊन ठेव.

भीती अजून हाय, ती काही उतरली न्हाई. न्हाई म्हणलो असतो तर दवाखानेवाले कारण आईला सांगणार नव्हते ना. मग हो म्हणायला मला एवढे दिवस का लागले, ते पण तिला सांगू नको.

माया पातळ करू नको.
तुझा,
सिद्धोधन