रॅम्पवरचा घास

खलिफा सिटी, अबू धाबी
शनिवार संध्याकाळ

पहाटे उठून, बर्फ, चारा आणि गळ घेऊन पाण्याच्या काठी रांगेत उभे राहिलेल्या, आणि नंबर आला आला म्हणताना कडेने दुसराच कोणी घुसलेला पाहिलेल्या तमाम बंधूंनो आणि भगिनींनो! आपलं दुःख एक आहे. मासा न मिळाल्याचं दुःख आपण पचवतो. माशापर्यंत पोहोचूच दिलं नाही, हे दुःख पचत नाही!

चि. सुजीत, दचकू नकोस, पत्र तुलाच आहे. वरचा मजकूर मी आज सकाळी रॅम्पवर उभा असताना मनात जुळवला होता. तिथे तो मला पुरा करू दिला गेला नाही आणि अर्धवट राहिलेलं भाषण माझ्या पोटात दुखतं, हे तुझ्या ताईला विचार. तर तुला आणि अस्मीला तुझ्या भावोजींचे आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? गुहागरात वीज टिकते का? इकडे सगळे खुशाल. मनोरमा माझ्याशी मोजकं बोलते, पण खुशाल आहे. अप्पांची प्रकृती उत्तम आहे. ‘उत्तम’ हा शब्द मी विचारपूर्वक लिहिला आहे. पुढचं वाचताना तो डोळ्यासमोर ठेव. (हाताने लिहून पानांचे फोटो पाठवतोय. आवाज रेकॉर्ड करून पाठवण्याला मी पत्र मानत नाही. माणसाला मध्येच बंद करता येतं, हा त्यातला मोठा दोष.)

आता मुद्दा. मी अप्पांना समुद्रावर नेलं.

ऐकून घे. गेल्या वर्षी गुहागरच्या खडकावर गळ टाकून गरवायला बसलेले अप्पा घसरले, मनगट मोडलं, आणि तू त्यांचं गरवणं बंद केलंस. मुलगा म्हणून तू बरोबर होतास. अप्पा इकडे यायला निघतानाही तू फोनवर मला बजावलंस, भावोजी, त्यांना पाण्याजवळ नेऊ नका. मी हो म्हणालो. पण सुजीत, इथे आल्यापासून हा माणूस टीव्हीसमोर बसून होता आणि टीव्ही पुष्कळदा बंदच असायचा. विचारलं तेवढ्यालाच उत्तर. मनोरमा एकदा मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, “अहो, अप्पा असे नव्हते हो. निवृत्त झाले तेव्हासुद्धा असे नव्हते.” पोस्टातून निवृत्त झाल्यावर तर ते समुद्रावरच राहायला गेल्यासारखे होते, तुला माहीत आहे. मंगळवारी त्यांचं विमान. हातात उरलेला शनिवार हा एकच. मला वाटलं, हे असेच परत गेले तर गुहागरात खुर्ची तीच आणि टीव्ही तोच, फक्त भिंत बदलेल. एकदा, एकदाच, त्यांच्या हातात गळाचा दोर द्यायचा असं मी ठरवलं. (ठरवलं मनोरमाने. जाहीर मी केलं.)

आमची होडी तुला ठाऊक आहे. मी आणि खैरुद्दीन पांगारकर, दोघांच्या मालकीची. खैरुद्दीन मूळ श्रीवर्धनचा, इथे गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. होडीचं इंजिन तो बघतो, धोरण मी बघतो. होडी छोटी, वजनाला हलकी आणि स्वभावाने हट्टी आहे. ट्रेलरवर घालून, गाडीमागे जोडून ती सार्वजनिक रॅम्पवर न्यायची. रॅम्प म्हणजे पाण्यात उतरत जाणारा सिमेंटचा उतार. गाडी उलटी घेत जायचं, ट्रेलर बुडला की होडी तरंगते. मग होडी बाजूच्या धक्क्याला बांधायची, गाडी वर आणायची आणि मागच्याला जागा द्यायची. एवढं सोपं. यासाठी ना पदवी लागते, ना वशिला. लागतो फक्त दुसऱ्याचा विचार. आणि म्हणूनच, सुजीत, हे काम जगातल्या अवघड कामांपैकी एक आहे! माझं स्पष्ट मत आहे (इथल्या मराठी मंडळाच्या व्यासपीठावरून मी ते मांडलेलंही आहे) की रांग हा चाकापेक्षा मोठा शोध आहे. चाकाने माणूस पुढे गेला. रांगेने दुसऱ्याला पुढे जाऊ दिलं. जे समाज रांगेत उभे राहू शकले नाहीत त्यांचं काय झालं, ते इतिहासाच्या पुस्तकांत वाच. खूप आहेत, मी नावं पाठवतो.

तर आज सकाळी रांगेत आमचा नंबर दुसरा. गाडी तुझी भाची श्रिया चालवत होती, कारण आमच्या घरात ट्रेलर उलटा घेता येणारी ती एकटी. (मलाही येतो, पण तो माझ्या इच्छेविरुद्ध वळतो.) शेजारी अप्पा, मांडीवर मनोरमाने दिलेला डबा. मागे मी आणि खैरुद्दीन. आमच्या पुढे, थेट उतारावर, एक मोठी पांढरी होडी, आणि होडीत एक वयस्कर अरब गृहस्थ, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. ते काय करत होते? होडीतून बर्फाची पेटी काढून काठावर ठेवत होते. मग दुसरी पेटी. मग गाद्या. मग कॉफीचा थर्मास. मग पुन्हा होडीत जाऊन वाकत होते. सुजीत, सामानाची आवराआवर मागे मोकळ्या जागेत करायची, उतारावर नाही, हा या धर्माचा पहिला नियम आहे! आमच्यामागे ट्रेलरांची शेपटी लांबत चालली. हॉर्न सुरू झाले. पाण्यावर चालणारी मोटरसायकल ट्रेलरवर घातलेला एक तरुण कडेने पुढे सरकू लागला.

मी उतरलो. खैरुद्दीन म्हणाला, “उल्हासभाय, बसा की. तुमचा भाषण होईपर्यंत ओहोटी लागंल.” मी त्याला सांगितलं, काही गोष्टी ओहोटीपेक्षा मोठ्या असतात. आधी मी त्या तरुणाच्या गाडीपुढे जाऊन उभा राहिलो आणि तो थांबला. (त्याच्या चेहऱ्यावर आदर होता की भीती, हे उन्हामुळे नीट दिसलं नाही.) मग उतारावरून खाली जाऊन मी त्या गृहस्थांना हिंदीत, मध्ये थोडं इंग्रजी आणि मुद्दा पोहोचत नाहीसा वाटला तिथे मराठीत, रांगेचं माहात्म्य सांगू लागलो. गृहस्थांनी वर पाहिलं. त्यांनी उजव्या हाताच्या पाचही बोटांची टोकं एकत्र जुळवली, हात वर धरला आणि हळूहळू खालीवर हलवला.

या मुलखात या खुणेचा अर्थ ‘जरा थांब, धीर धर’. मला तो पक्का माहीत आहे. या शहरातल्या प्रत्येक कचेरीने आणि प्रत्येक सिग्नलने मला तो शिकवला आहे. माझा पारा चढला. स्वतः रस्ता अडवायचा आणि धीर आम्ही धरायचा? मी आवाज चढवला.

पण अप्पांना खुणेचा हा अर्थ कोणी सांगितला होता? आपल्याकडे पाच बोटं जुळली की त्याला काय म्हणतात? घास! गाडीच्या काचेतून अप्पांनी पाहिलं की होडीत उभा असलेला त्यांच्याच वयाचा एक माणूस जावयाला काकुळतीने खूण करतोय, बाबा रे, पोटात अन्न नाही. आणि जावई त्याच्यावर ओरडतोय. श्रिया म्हणते, आजोबा फक्त “अरेरे” म्हणाले आणि दार उघडून निघाले. हातात डबा.

मी वळून पाहिलं तेव्हा अप्पा उतारावर होते. सुजीत, उताराच्या खालच्या भागाला शेवाळ असतं. हिरवं, चकचकीत, साबणासारखं. मी भाषण अर्धवट टाकलं. मंगळवारी मी अप्पांना विमानात कसं बसवून देणार, आणि तुला काय तोंड दाखवणार, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मी ओरडलो, “अप्पा, थांबा!” अप्पांनी मला डबा दाखवला आणि ते पुढे चालले. मी हलायच्या आत त्या गृहस्थांनी होडीतून पाण्यात उडी टाकली, गुडघाभर पाण्यातून धावत आले आणि अप्पांचे दोन्ही दंड धरले. “बैठो, बाबा, बैठो,” म्हणत त्यांना बर्फाच्या पेटीवर बसवलं. अप्पांनी डबा उघडून पुढे केला आणि मराठीत म्हणाले, “घावन आहेत. गार झालेत, पण लेकीच्या हातचे आहेत. आधी खाऊन घ्या, मग बघू काय ते.”

गृहस्थ डब्याकडे बघत राहिले. मग अप्पांकडे. मग त्यांनी एक घावन घेतलं, उभ्याउभ्या खाल्लं, आणि तोंड पुसून होडीकडे बोट दाखवलं. “बॅटरी खलास.”

एवढंच! बॅटरी गेली होती. माणूस सामानाची आवराआवर करत नव्हता. पेट्या आणि गाद्यांखाली दबलेल्या बॅटरीपर्यंत पोहोचण्यासाठी तो सामान काढत होता. इंजिन चालू झाल्याशिवाय एवढी मोठी होडी एकट्याने सोडली तर ती वाहत जाणार, म्हणून तो तिथे अडकला होता. इतक्या गाड्या, इतके हॉर्न, आणि माझ्यासारखा वक्ता! पण “काय झालं हो?” असं कोणी विचारलं नाही. विचारलं ते एकट्या अप्पांनी, आणि तेही चुकून.

मग खैरुद्दीन उतरला. त्याने वाकून पाहिलं, डोकं हलवलं आणि मला न विचारता आमच्या होडीतली बॅटरी काढून त्यांच्या होडीत बसवली. मी म्हटलं, खैरुद्दीन, धोरणाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, “धोरण कसला? त्यांचा काम झाला की रस्ता मोकळा.” इंजिन धडधडलं. होडी धक्क्याला लागली, त्यांची गाडी वर गेली. मला वाटलं, हाच क्षण आहे. लोक जमलेले आहेत, उदाहरण ताजं आहे. मी उतारावर मध्यभागी उभा राहून रांगेकडे तोंड केलं आणि या पत्राच्या सुरुवातीचा परिच्छेद सुरू केला. हॉर्न वाजायला लागले. मला वाटलं, सहमती दर्शवतायत. तेवढ्यात श्रियाने काच खाली केली आणि ओरडली, “बाबा, नाउ यू आर द ट्रॅफिक!”

इथे मी भाषण थांबवून दोन पावलं मागे सरकलो. (त्यानंतर कपडे बदलण्यात थोडा वेळ गेला. त्याचं कारण इथे महत्त्वाचं नाही.)

आमच्या होडीत बॅटरी नाही, म्हणजे आमची सफर संपली. अप्पा पेटीवर बसून समुद्राकडे पाहत होते. काही मागायचं नाही असं त्यांनी स्वतःला कधीच शिकवून टाकलंय. ते गृहस्थ, त्यांचं नाव सईद, त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाबा मेरे साथ. यल्ला.” यल्ला म्हणजे चला. त्यांच्या होडीला कठडा आहे, बसायला पाठ असलेली खुर्ची आहे आणि अंगात घालायला तरंगणारी जाकिटं आहेत. अप्पांना मी स्वतः ते जाकीट घातलं, पट्टे दोनदा ओढून पाहिले. खैरुद्दीन सोबत गेला. मी आणि श्रिया किनाऱ्यावर थांबलो.

दुपारी ते परतले. सुजीत, माणूस परत आला, म्हणजे आपला जुना माणूस परत आला! होडी लागायच्या आधी आवाज ऐकू आला. शेरी नावाचा इथला मासा त्यांच्या गळाला लागला होता आणि तो आधी कसा ओढत होता, मग कसा फसवत होता, हे ते सईदना मराठीत सांगत होते आणि सईद त्यांना अरबीत दुजोरा देत होते. घरी येईपर्यंत बोलणं थांबलं नाही. जेवताना त्यांनी नवी शिकलेली खूण मनोरमावर वापरली, बोटं जुळवून, म्हणजे थांब, पुरे. तिने दोन वेळा भात वाढला. दोन्ही वेळा ते हसले, आणि दोन्ही वेळा त्यांनी तो संपवला.

माझं मत बदललेलं नाही. रांग मोडणाऱ्याला मी उद्याही आडवा जाईन. पण रांगेचा एक नियम राहून गेला होता: हॉर्न वाजवण्याआधी खाली उतरून विचारायचं. आज आम्ही निघालो तेव्हा तो मोटरसायकलवाला तरुण एका अनोळखी माणसाच्या होडीचा दोर धरून उभा होता. कोणी सांगितलं नव्हतं. सुजीत, मला या माणसांबद्दल फार आशा वाटते.

तुझा,
उल्हास भावोजी

ता. क. मासा मनोरमाने तळला. ती म्हणते, सुजीतला सांगा, तू रागावणार असशील तर आधी माझ्यावर रागाव.

ता. क. (हे अप्पांचं अक्षर.) चि. सुजीत, मी पडलो नाही. पाण्यात पडले ते उल्हासराव. बोलता बोलता मागे सरकत गेले आणि शेवाळावरून बसल्या बसल्या आत. सईदभाईंनीच बाहेर काढलं. चष्मा सापडला. — अप्पा

ता. क. मी पत्रावर सही केल्यानंतर वरचा मजकूर अप्पांनी घुसवलेला आहे. रांगेबद्दल मी काय म्हटलं ते पुन्हा वाच. असो. खरं काम हे: सईदनी अप्पांना पुढच्या शनिवारी बोलावलंय आणि अप्पा हो म्हणून बसलेत. व्हिसाची मुदत अजून शिल्लक आहे. मंगळवारचं तिकीट पुढच्या महिन्यात टाकायला मी आत्ता कॉम्प्युटरसमोर बसलोय, पण ते तू काढलं होतंस, त्यामुळे ओटीपी तुझ्याच मोबाइलवर येणार. तो काही मिनिटांत मरतो. धीराबद्दल एवढी पानं लिहिली, ती बाजूला ठेव. विचार करू नकोस, अस्मीला विचारू नकोस. फोन वाजला की ते सहा आकडे मला पाठव. आत्ता!