रडली तर एक चमचा

प्रिय धाकटे,

काल फोनवर पिशवीतली ती बाटली टाकून दे एवढंच सांगून मी फोन ठेवला, तेव्हा तुला वाटलं असेल, ताईच्या दुकानात गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक नव्हतं. दुकान गेले एकोणीस दिवस अर्धा वेळच उघडं असतं. तुझी भाची, आपली भिंगरी, कॉलेजच्या अभ्यासदौऱ्यावर गेलेली नाही. दौरा, बस, सोबतच्या बाई, सगळं मी रचलं होतं. ती व्यसनमुक्ती केंद्रात आहे. हे एक वाक्य लिहायला मी तीन कागद फाडलेत, तेव्हा तू आता खुर्चीत नीट बस आणि पुढचं वाच. ती बरी आहे, दोन वेळा जेवते, हे आधीच सांगते, नाहीतर इथपर्यंत वाचूनच तू रडायला लागशील.

हे सुरू झालं त्या दुपारी मी काउंटरवर एका आजोबांशी हुज्जत घालत होते. त्यांना झोपेच्या गोळ्या हव्या होत्या आणि डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. त्या बाबतीत मी कशी आहे ते तुला माहीत आहे. अख्खा रस्ता मला खडूस म्हणतो आणि मनातून मला त्याचा अभिमान वाटतो. तेवढ्यात कॉलेजातून फोन आला. तोंडी परीक्षेला भिंगरी आपल्या पुठ्ठ्याच्या मॉडेलसमोर उभी राहिली, परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला आणि ती उभ्याची कोसळली. हॉस्पिटलात पोचले तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिनं काय घेतलंय? मी चिडले ग. त्यांना म्हटलं, मी स्वतः फार्मासिस्ट आहे, सात वर्षं शाळाशाळांत जाऊन पालकांना व्यसनांवर व्याख्यानं देते, आमच्या घरात असलं काही नसतं. कोपऱ्यात भिंगरीची मैत्रीण उभी होती. ती खाली मान घालून म्हणाली की काकू, खोकल्याचं औषध, रोज, दीड वर्षापासून. मी भिंतीला हात टेकून उभी राहिले आणि तिथं लावलेली हात धुण्याची सूचना चार वेळा वाचली. त्यातला एक शब्दही आता आठवत नाही.

तिचे कपडे आणायला घरी आले आणि टेबलाचा खालचा खण उघडला. आत औषधाच्या बाटल्यांवर असतात ना, त्या मापाच्या प्लास्टिकच्या टोप्या, एकात एक बसवलेल्या, सतरा. त्या टोप्या मी आधीही पाहिल्या होत्या. दिवाणावर बसून ती चित्रं रंगवायची, शेजारी टोप्या असायच्या, आणि मला वाटायचं, रंग कालवायला ठेवल्यात. पोरगी काही वाया घालवत नाही म्हणून मी ह्यांच्यापाशी तिचं कौतुकही केलं होतं. त्या दिवशी एकेक टोपी काढून उजेडात धरली. सतरांपैकी एकीलाही रंगाचा डाग नव्हता. व्याख्यानात मी पालकांना सांगते की मुलांचे डोळे पाहा, कपड्यांचा वास घ्या, मित्र कोण ते विचारा, बाटल्या शोधा. टोप्यांचं मी कधीच बोलले नव्हते. दिवसभर ज्या टोप्या माझ्या हाताखालून जातात, त्या माझ्याच घरात मला दिसल्या नाहीत.

आणि बाटल्या कुठून आल्या ते ऐक. माझ्या दुकानातून एकही नाही, तेवढी ती मला ओळखून आहे. ती बाकीच्या दुकानांत जायची आणि सांगायची, मी अमक्या ताईंची मुलगी, आमच्याकडची संपलीय, आईनं मागितलीय. कोण नाही म्हणणार? व्यवसायातला शब्द आहे, चिठ्ठी कशाला मागायची. समोरच्या रस्त्यावरचे जाडे काका तर मला हे सांगताना हात जोडून उभे होते. म्हणाले, ताई, तुमचं नाव घेतल्यावर मी विचारायचं तरी काय. माझा खडूसपणा तिच्या कामी आला म्हणायचा.

पहिले काही दिवस मी गुन्हेगार शोधत होते. कॉलेज, तो दाढीवाला मित्र, ती मैत्रीण, हल्लीचा अभ्यासक्रम, मोबाइल. ह्यांनी मला एकदाही अडवलं नाही, नुसते न्हाणीघरात नळ सोडून बसायचे. परवा केंद्रात घरच्यांची बैठक होती. हिरव्या खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे रिकामी फरशी. तिथले समुपदेशक खिशाला दोन पेनं लावून येतात आणि एकानंही काही लिहीत नाहीत. त्यांनी भिंगरीला सरळ विचारलं, भीती वाटल्यावर काहीतरी घ्यायचं, हे पहिल्यांदा कुणी शिकवलं? मी पर्स आवळून दाढीवाल्याचं नाव येण्याची वाट पाहत होते. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

“आईनं,” ती म्हणाली. “चमच्यानं.”

तुला आठवतं का ग? तुझ्या लग्नाला येताना आमचा नऊ तासांचा बसचा प्रवास होता. भिंगरी तीन वर्षांची. बसमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या तिनं भोकाड पसरलं, पुढच्या रांगेतली माणसं माना वळवून बघायला लागली. माझ्या पर्समध्ये तिच्या सर्दीचं औषध होतं, त्यानं मुलांना गुंगी येते हे मला माहीत होतं. सर्दी नव्हती. मी एक चमचा दिला. पोर थेट तुझ्या दारात जागी झाली, ताजीतवानी, आणि तू भरल्या मांडवात म्हणालीस की ताईच्या पोरीला बटण आहे, हवं तेव्हा बंद करता येतं. किती हसलो आपण. मग ते आमच्या घरातलं रोजचंच झालं. शाळेचा पहिला दिवस, एक चमचा. ढगांचा गडगडाट, एक चमचा. गॅदरिंगचा नाच, दहावीचा गणिताचा पेपर, आदल्या संध्याकाळी एक चमचा. मी विचारायचे, चमचा हवा का ग? पुढे तीच यायची, हात पुढे करून, आई, आज चमचा? आम्हाला ते गोड वाटायचं. पाहुण्यांना सांगायचो. कुठल्या वयाला किती द्यायचं याचा हिशेब मी कधी चुकले नाही ग, आणि नेमका त्याचाच मला गर्व होता.

बैठक संपल्यावर समुपदेशक मला बाजूला घेऊन म्हणाले की एका चमच्यानं कुणी व्यसनी होत नाही, स्वतःला फाशी देत बसू नका, कारणं पुष्कळ असतात. पण ते असंही म्हणाले की भीती वाटली की ती थोडा वेळ वाटू द्यायची असते, मग ती आपली आपण ओसरते, हे या मुलीनं वीस वर्षांत एकदाही अनुभवलेलं नाही. परीक्षकांसमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. मी त्यांना म्हटलं, मी सात वर्षं लोकांच्या मुलांना वाचवायची भाषणं देतेय. त्यावर त्यांनी मला भिंगरीच्या शेजारची खुर्ची दाखवली. मला वाटतं, ते बरंच झालं.

निघताना भिंगरी रडायला लागली. मोठ्यानं, नाक वाहेपर्यंत, लहानपणी त्या बसमध्ये रडली होती तसं. आणि धाकटे, माझा हात आपोआप पर्सच्या कप्प्यात गेला. आत सर्दीच्या गोळ्यांची एक पट्टी असते, नेहमीचीच. तिनं ते पाहिलं आणि माझं मनगट धरलं. रडता रडताच म्हणाली, “आई, नको. नुसती बस.” मी बसले. अर्धा तास तिचं रडणं ऐकत बसले, आणि इतकं अवघड काम मी आयुष्यात केलं नाही. अर्ध्या तासानं ती थांबली. काही न घेता थांबली. तिलाच आश्चर्य वाटलं असावं, कारण तिनं डोळे पुसून घड्याळ पाहिलं.

शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला होता, पुढच्या महिन्यात व्याख्यान आहेच ना म्हणून. आधी वाटलं, कुठल्या तोंडानं जाऊ. मग हो म्हटलं. दर व्याख्यानाला पालकांना दाखवायला बाटल्या-गोळ्यांच्या नमुन्यांचा खोका नेते, तो आता नेणार नाही. भिंगरीनं परवानगी दिली तर त्या सतरा टोप्या नेईन आणि पालकांना विचारीन की तुमचं मूल घाबरतं तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी काय पुढे करता. ती हो म्हणेल की नाही, माहीत नाही. विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. काल मी बाटली टाकून दे म्हटलं, तेव्हा तू विचारलंस, मुदत संपली का ग? मी हो म्हटलं. खोटं बोलले. दोन वर्षांची मुदत आहे तिला. तू म्हणालीस, मग इथल्याच दुकानातून नवी घेते, नाव लेबलवर आहेच. आणि मी, सगळं कळून चुकलेली मी, लाजेपोटी बरं म्हणाले. ते बरं मी आता परत घेते. गेल्या महिन्यात तू माझ्याकडून निघालीस तेव्हा तुझी पिशवी भरताना टॉवेलांच्या मधे ती बाटली मीच घातली, लेबलवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘रडली तर एक चमचा’. रविवारी तू तुझ्या पिटुकलीला घेऊन विमानात बसशील. चौदा वर्षांनी झालेली पोर, तीन वर्षांची, आणि पंधरा तासांचा प्रवास. नवी बाटली घेऊ नकोस. औषध चांगलं आहे ग, सर्दी झाली आणि डॉक्टरनं सांगितलं तर दे, रडली म्हणून देऊ नकोस. ती रडेल. विमान उडताना रडेल, कान दुखून रडेल, उगीचही रडेल. तिला मांडीवर घे आणि रडू दे. पुढच्या रांगेतल्या कुणी मान वळवून पाहिलंच, तर सांग त्यांना, माझी मुलगी आहे, तिला भीती वाटतेय, थोडा वेळ लागेल.

तुझीच,
बटणवाली ताई