यादीतलं नाव

प्रिय शिडी,

पाकिटावर तुझ्या भावाच्या दुकानाचा पत्ता नाही, थेट तुझ्या खोलीचा आहे, हे बघून दचकली असशील. आणि अक्षर माझं आहे हे बघून जास्तच. सव्वा वर्षात मी तुला एक ओळ लिहिली नाही, तुझे दोन फोन आले तेही घेतले नाहीत. पत्ता कुठून मिळाला ते सांगते, पण माझ्या पद्धतीने, म्हणजे आधी गावभर हिंडून मग घरी. तुला सवय आहे. एकोणीस वर्षं एका टेबलावर समोरासमोर उभं राहून तू माझी बडबड ऐकलीस, आणखी चार पानं ऐक.

आधी बातम्या. तू गेलीस त्यानंतर आठ महिन्यांनी आपल्या खोक्यांच्या कारखान्याला कुलूप लागलं. तुला कुणी ना कुणी कळवलं असेलच. पेपरात मंदी यायची त्याच्या कितीतरी आधी ती आपल्या टेबलावर यायची, आठवतं ना? लोकांनी पंखे, मिक्सर, बूट घ्यायचे थांबवले की पहिली आपली खोकी थांबायची. आधी टीव्हीची मोठाली खोकी बंद झाली, मग बुटांची, शेवटी औषधांच्या चिमुकल्या खोक्यांवर आम्ही दोन महिने काढले. तीन पाळ्यांची एक पाळी झाली आणि मग तीही गेली. शेवटच्या दिवशी दुपारी मशीन बंद केलं, तरी आम्ही बायका ओरडूनच बोलत होतो. एवढ्या वर्षांच्या घरघरीची सवय. मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं आणि सगळ्याच गप्प झाल्या. मी डिंकाचा ब्रश धुऊन जागेवर ठेवला. कशासाठी ठेवला देव जाणे.

पुढचे चार महिने घरात बसून मी भिंती मोजल्या. आमचे हे रंगारी, त्यांच्या त्या ऑपरेशननंतर परांचीवर चढायची डॉक्टरांची परवानगी नाही, आणि तशीही आता घरं रंगवतंय कोण? जुन्या रंगावरच लोक दिवस ढकलतायत. मग अचानक पालिकेत काम निघालं. शहरातल्या लोकांना नोकऱ्यांबद्दल काय वाटतं याचं सर्वेक्षण. वाच पुन्हा. लोकांना नोकऱ्या द्यायच्या नाहीत, नोकऱ्यांबद्दल काय वाटतं ते विचारायचं! हे म्हणाले, "म्हणजे जेवण नाही, पण भूक लागलीय का ते विचारायला माणूस ठेवलाय." मी म्हटलं, "विचारणारीला तरी जेवण मिळतंय ना, गप बसा." गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, आणि माझ्या वाट्याला आपल्या भागातली चारशे घरं. प्रश्न एकूण अकरा, पण मुख्य एकच : तुमच्या मते गेल्या वर्षभरात आपल्या शहरात काम मिळणं सोपं झालंय, अवघड झालंय, की होतं तसंच आहे? शिकवायला आलेल्या मुलीने बजावलं होतं की आपलं मत घालायचं नाही, चेहरा कोरा ठेवायचा. माझा चेहरा आणि कोरा! पहिल्याच घरातल्या बाईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमचीपण गेली का हो?"

पण शिडे, या कामाने मला माणसं बघायला शिकवलं. मंदी एकच, शहर एक, आणि दारागणिक उत्तर वेगळं. ज्याची नोकरी शाबूत आहे तो म्हणतो, "कामं भरपूर आहेत हो, लोकांनाच नकोत." ज्याची गेलीय तो म्हणतो, "शहरच संपलं." जो तो आपल्या खिडकीतून बघतो. चौकातला झेरॉक्सवाला म्हणाला की त्याचा धंदा असा कधीच चालला नव्हता, सगळं गाव अर्जांच्या प्रती काढतंय. "पण ताई, तोच माणूस चौथ्यांदा आला की कळतं, आधीच्या तिन्ही वाया गेल्या. मग त्याला पैसे मागायला जीभ रेटत नाही." एका आजींनी तर नोकरी कधी केलेलीच नाही. त्या म्हणाल्या, "मला आकडे कळत नाहीत. पण खालचं फाटक रोज सकाळी साडेसहाला करकरायला लागायचं, एकामागून एक सगळे कामाला निघायचे. आता मला नऊपर्यंत झोप लागते. ही झोप चांगली नाही." मी 'अवघड' वर बोट ठेवलं. असल्या उत्तराला टॅबलेटमध्ये दुसरी जागा नव्हती.

एक निवृत्त गुरुजी होते. छाती काढून म्हणाले, "तसंच आहे. प्रयत्न करणाऱ्याला काम मिळतंच." आणि त्यांच्या मागे आतल्या खोलीत त्यांचा चाळिशीचा मुलगा इस्त्रीचा शर्ट, पट्टा, बूट घालून खुर्चीवर बसला होता, सकाळी अकरा वाजता. वडिलांचं उत्तर त्याच्यासाठी होतं. त्याला धीर देत होते बिचारे. मी 'तसंच आहे' नोंदवलं आणि चहा घ्यायला थांबले, एरवी थांबायची परवानगी नसते. आणि एका बाईंनी मात्र दार थोडं लोटून घेत, हळूच सांगितलं, "सोपं झालंय म्हणून लिहा." नवऱ्याची नोकरी गेली म्हणून त्या बाहेर पडल्या आणि बावन्नाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी लागली, दवाखान्यात नाव-नंबर लिहून घ्यायची. "घरात सगळे तोंडं पाडून बसलेत आणि मी सकाळी बस पकडताना गुणगुणते. वाईट आहे का हो मी?" मी म्हटलं, "प्रश्न अकराच आहेत बाई, हा त्यात नाही." दोघी इतक्या हसलो की आतून नवरा बघायला आला.

आता मूळ मुद्दा. गेल्या मंगळवारी दोनशे अठ्ठ्याहत्तराव्या घराची बेल वाजवली आणि दार कुणी उघडलं असेल? आपल्या एरंडेल साहेबांनी! तोच तो एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा, फक्त अंगात कोटाऐवजी बनियन आणि हातात मटारची शेंग. आपल्याबरोबर मॅनेजरचीही नोकरी गेली हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मला बघून ते अवघडले, मग म्हणाले, "या, बसा, मटार सोलताना बोलता येतं." मी अकरा प्रश्न विचारले, त्यांनी हजेरीपट भरावा तशी उत्तरं दिली. सगळं संपल्यावर मला वाटलं, आज आलोच आहोत तर राहून गेलेलं बोलून टाकावं. मी म्हटलं, "साहेब, पहिल्या कपातीत प्रत्येक टेबलावरून एक नाव जाणार होतं, तेव्हा तुम्ही माझं नाव यादीत घातलं नाहीत. त्यामुळे मला आणखी आठ महिने मिळाले. त्याच आठ महिन्यांत यांच्या हृदयाची झडप बदलली, आणि कारखान्याचा विमा होता म्हणूनच ते जमलं. नाहीतर आमच्याच्याने ते झालं नसतं. तुमचे आभार मानायचे राहिले होते."

साहेबांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, "हे आभार माझे नाहीत. चुकीच्या पत्त्यावर आलेत. मी शब्द दिला होता, पण कारखानाच उरला नाही, आणि दुसऱ्याचे आभार फुकट खिशात घालणं मला जमायचं नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं. यादीत माझंच नाव होतं. मी तुझ्यानंतर चार महिन्यांनी लागले होते, नंतर आलेला आधी जाणार असा नियम. आणि तू केबिनमध्ये गेलीस, खुर्ची दिली तरी बसली नाहीस, आणि म्हणालीस, तिचं नाव खोडा, माझं घाला. ते म्हणाले, नियमात बसत नाही. तू म्हणालीस, मग मी राजीनामाच देते, म्हणजे टेबलावर एकच उरेल आणि तुमचा नियमही खूश. त्यांनी समजावलं की काढून टाकलं तर भरपाई मिळते, राजीनाम्याला तीसुद्धा मिळत नाही. त्यावर तू म्हणालीस, "ते राहू दे. तिला फक्त कळता कामा नये." भावाचं दुकान तर त्याच्या आधीच वर्षभर बंद पडलेलं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. त्यांनीच शिफारसपत्र दिलं म्हणून तुला तिथल्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायचं काम मिळालं. तुझा पत्ता त्यांच्या वहीत होता. गुडघे दुखतात, आता टेबलाशी उभं राहवत नाही, भावाच्या दुकानात बसायला जाते असं मला सांगून गेलीस ना? तिथे काय झोपून घड्या घालतेस?

मी त्यांच्या जिन्यात बसले आणि तो आठवडा माझ्या डोळ्यांसमोर उलगडत गेला. सोमवारी डबा खाताना मी तुला एकटीला सांगितलं होतं, डॉक्टरांनी यांच्या ऑपरेशनची तारीख ठरवलीय, तीन महिने आहेत, नोकरी आहे तोवर धीर आहे. शुक्रवारी तू राजीनामा दिलास. मला वाटलं, नेमकी मला गरज असताना ही पाठ फिरवून चालली. तुझ्या शेवटच्या दिवशी सगळ्याजणी फाटकापर्यंत आल्या, मी टेबल सोडलं नाही. तू निरोप घ्यायला आलीस तेव्हा मी खाली मान घालून खोकं दुमडत म्हणाले, "ज्यांच्या पाठीशी भाऊ असतात त्यांचं बरं असतं." आणि तू हसून म्हणालीस, "हो ना, नशीब लागतं." कशी ग म्हणालीस? माझी जीभ तेव्हाच झडायला हवी होती. मी तुझ्यावर रागवावं आणि तू ते निमूटपणे नेऊन तिकडे परगावी सांभाळत बसावंस! ऑपरेशनच्या दिवशी तुझा फोन आला होता तो मी कापला. तारीख तुझ्या लक्षात होती, एवढं कळायलाही मला सव्वा वर्ष लागलं.

खरं सांगू? तुझ्या जागी मी असते तर असं केलं असतं का, हे मी स्वतःला आठवडाभर विचारतेय. दारोदार लोकांना प्रश्न विचारणारी मी, या एकाला मला उत्तर देता येत नाही. केलं असतं असं म्हणावंसं वाटतं, पण छातीवर हात ठेवून नाही म्हणवत. तुझा मोठेपणा कळायला माझं हे न आलेलं उत्तरच पुरेसं आहे. लोक मला रोज सांगतात की या मंदीने माणसं आपापल्यापुरती झाली, कुणी कुणाचं राहिलं नाही. मला मान डोलवून ते नोंदवावं लागतं. मंगळवारपासून माझी मान डोलत नाही. शिकवणारी मुलगी रागावेल, रागावू दे.

आता हे पत्र कशाला लिहिलं ते. आभारासाठी नाही, आभार फोनवरही मानता आले असते. साहेबांनी नंबर दिलाय, तीनदा लावायला घेतला आणि तीनदा फोन खाली ठेवला. पत्र लिहिलं ते तुला पळून जायला वेळ मिळू नये आणि तरी आधी कळावं म्हणून : येत्या रविवारी सकाळच्या बसने आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. हे म्हणत होते, मी कशाला, तुम्ही मैत्रिणी बोला. मी म्हटलं, तुम्हीच तर दाखवायचे आहात. साहेब म्हणाले, तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. उत्तम. ऑपरेशनच्या आधी आमच्या घरच्या चार पायऱ्या चढताना यांना दोनदा थांबावं लागायचं. रविवारी अकराच्या सुमारास तू दार उघडून वर उभी राहा, खाली येऊ नकोस, हात द्यायला धावू नकोस. ते तीन मजले आपल्या पायांनी चढून येणार आहेत. ते तू बघावंस, एवढीच माझी इच्छा आहे.

कायमची तुझीच,
बुटकी