ढब्ब्याची शिकवणी

४ जानेवारी
लग्नानंतर हे मला मैदानावर सायकल शिकवायचे. मागून ओरडायचे, "धरलंय गं, धरलंय!" एकदा वळून पाहिलं तर हे कुठल्या कुठे लांब उभे, रुमालाने घाम पुसत.
आज तेच जिन्याचा कठडा चाचपडत उतरले. नजर पूर्ण गेली.
अंधांच्या संस्थेत चौकशी केली. वाटाड्या कुत्रा तयार करायला दोन वर्षं. शिक्षक, डॉक्टर, खाणं. खर्च आमच्या फ्लॅटएवढा! दाता मिळाला तर कळवू म्हणाले. कशाला? घरात ढब्ब्या आहे. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी आमच्यासारख्या द्वाड मुलींना रांगेत चालवलं, तिथे एका कुत्र्याचं काय घेऊन बसलात!

२० जानेवारी
ढब्ब्याने शिकवणीचा पट्टा खाल्ला. चामडं उत्तम असणार. उद्यापासून शिस्त कडक.

२१ जानेवारी
त्याचं पोट बिघडलंय. उद्यापासून.

१२ फेब्रुवारी
जमलं! दोघंच कोपऱ्यावरच्या सलूनपर्यंत जाऊन आले. हे म्हणाले, "तुझा विद्यार्थी हुशार आहे हं, बाई." बाल्कनीत उभी राहून रडून घेतलं.
लेक फोनवर म्हणते, "आई, तो स्वतःच दारावर आपटतो गं!" मुलांना आईचं कौतुक नसतंच.

३ मार्च
संस्थेचा फोन. दाता मिळाला, आधीच शिकवलेला एक कुत्रा तयार आहे. मी म्हटलं, कुणा गरजूला द्या, आमच्याकडे आहे. हे ढब्ब्याचे कान कुरवाळत बसले.
खालचा शिंपी म्हणतो, "काकू, कुत्रा कसला नेतोय? काकाच भिंत चाचपत त्याला ओढत नेतात!" त्याने आपलं मशीन बघावं.

२९ मार्च
सलूनपुढे रस्ता खोदला होता. ढब्ब्याने उडी मारली. यांना कुठून दिसणार? खड्ड्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं.

८ एप्रिल
हॉस्पिटल. छातीत कफ भरलाय. म्हणाले, "ढब्ब्याला रागावू नकोस. तू वरून बघत असायचीस ना, म्हणून आम्ही ऐटीत चालायचो."
मी म्हटलं, घरी या, मग त्याला खड्डे शिकवते. हसले.

२ मे
हे गेले. घर फार नीटनेटकं राहतं.
माझ्यामागे काय कुणाला, ते लिहून ठेवते. यांचा रेडिओ शिंप्याला. त्याच्यावर उगाच चिडले. माझ्या बांगड्या लेकीला. फ्लॅट संस्थेला, लेक म्हणाली, "खुशाल दे, आई." एक कुत्रा नक्की तयार होईल.
ढब्ब्या लेकीकडे. फिरवताना पुढे तिने राहायचं. खड्डाही तिनेच बघायचा.