पावणेचारची सगुणा

इंदिरानगर, नाशिक
बुधवार, पहाटेचे साडेचार (म्हणजे आमच्या घरी हल्ली दिवस चांगला वर आलेला असतो)

आदरणीय कारभारीमामा यांस,

भाचा प्रफुल्लचा सविनय जयभीम. तुमची, मामींची आणि मामींच्या गुडघ्याची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. लाल कांदा काढणीला आला असेल, बाजारात भाव बरा मिळो. यानंतर ‘इकडे सर्व ठीक’ असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. ठीक काहीही नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. त्याला कारण तुम्हीच. तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवता आणि मग अर्धं नामपूर बोलण्यात भाग घेतं. मागे मी चैतालीचे बारावीचे मार्क सांगत होतो, तर तिला पुढे काय शिकवावं याचा सल्ला मला एका बाईंनी दिला. त्या कोण हे मला अजून कळलेलं नाही, तुम्हालाही बहुतेक माहीत नसावं. शिवाय आमच्या घराला दोनच खोल्या, इकडे बोललेलं तिकडे आईला ऐकू जातं, आणि ही गोष्ट आईच्या कानावर जाता कामा नये. सावळीराम कांद्याची पिकअप घेऊन आज नाशकात आला आहे, संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परत निघेल. त्याच्या हाती हे पत्र देणार आहे. कृपा करून एकट्याने वाचा, आणि मोठ्याने वाचू नका.

विषय मांजराचा आहे. हसू नका मामा, मी फार काळजीत आहे.

दोन वर्षांपूर्वी चैतालीनं पावसात भिजलेलं एक पिल्लू दप्तरात घालून आणलं, हे तुम्हाला माहीत आहे. तिनं त्याचं नाव लिली ठेवलं. जनावरांच्या डॉक्टरांच्या फाइलवर आजही लिलीच आहे, पण आईनं पहिल्याच दिवशी सगुणा म्हटलं आणि मांजर सगुणाला ओ देऊ लागलं. तसं गुणी आहे. दुधात तोंड घालत नाही, झाकण आधी काढून ठेवतं आणि मग घालतं. माझी तक्रार फक्त वेळेची आहे. गेले दोन महिने ही सगुणा पावणेचारला, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, घरभर ओरडत फिरते. आधी दाराशी, मग रोहिणीच्या उशाशी, शेवटी माझ्या छातीवर बसून. (तुम्हाला हे फोनवर एकदा सांगायला गेलो होतो तेव्हा तुम्ही ‘मांजर शे का भोंगा शे?’ असं विचारून इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला आणि मुद्दा राहून गेला.)

मुद्दा आईच्या डोळ्याचा आहे. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण पिकला आहे, डावा तर आधीचाच अधू. ऑपरेशनची तारीख दोनदा घेतली. दोन्ही वेळा आई हिरवा गाऊन घालून तयार झाली आणि दोन्ही वेळा बीपी वाढलेलं निघालं म्हणून परत घरी. डॉक्टरबाईंनी विचारलं, आजींना झोप नीट लागते का? मी तिथल्या तिथे मांजराचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, मग मांजराचं काहीतरी करा, कारण आणखी उशीर झाला तर मोतीबिंदू कडक होईल आणि काढायला जड जाईल. तिसरी तारीख येत्या मंगळवारची आहे. परवा आईनं भाजीत मिठाऐवजी खायचा सोडा घातला. आम्ही तिघांनी ती भाजी मुकाट्यानं संपवली. भाजी नुसती फसफसत होती, पण बोलायचं कसं?

तेव्हा मी कंबर कसली. प्रथम सगुणाला रात्री साडेदहाला पोटभर जेवू घातलं, म्हणजे पहाटे भूक लागणार नाही. तिनं ते जेवण वरचं म्हणून स्वीकारलं, पहाटेचं चालूच ठेवलं. मग तिला रात्री बाहेरच्या खोलीत ठेवून मधलं दार लावलं. तिनं दारावर नखांनी असं काही काम केलं की खालच्या मजल्यावरचे रंगनाथराव सकाळी वर आले आणि सुतारकाम रात्रीच्या पाळीत का चालवलंय, असं त्यांनी फार नम्रपणे विचारलं. मग चैतालीनं मोबाइलवरून एक यंत्र मागवलं. ठरलेल्या वेळी ते आपोआप खाऊ टाकतं आणि त्याआधी मालकाच्या आवाजात हाक मारतं. त्यात मी साडेसहाची वेळ लावून ‘सगुणाबाई, या’ असं भरून ठेवलं. (घरात तेव्हा सगळे हसले, पण मांजराशी अदबीनं बोललेलं बरं असतं.) याचा परिणाम असा झाला की सगुणा आता पावणेचारपासून त्या यंत्रासमोर बसून मला बाहेर बोलावते. मी आत अडकलो आहे अशी तिची खात्री आहे. मी शेजारी उभा राहून मी इथे आहे असं सांगितलं, तर तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा यंत्राकडे तोंड केलं.

शेवटी ठरलं की तिच्याकडे लक्षच द्यायचं नाही. दहा दिवस कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही, खायला घालायचं नाही, मांजर आपोआप कंटाळतं, असं म्हणतात. आम्ही सगळे डोळे गच्च मिटून पडून राहू लागलो. सहाव्या दिवशी डॉक्टरांकडे नेली तर सगुणाचं वजन वाढलेलं. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते जसं काही मीच सगळं खाल्लं.

घरात फितुरी आहे हे उघड होतं. मी कार्तिक पौर्णिमेची वाट बघितली. त्या दिवशी आम्ही सगळे मिळून वंदना घेतो. पंचशील म्हणून झालं, खोटं न बोलण्याचं चौथं शील नुकतंच सगळ्यांच्या तोंडून गेलेलं, हात अजून जोडलेले, मेणबत्ती जळतेय, आणि मी विचारलं, पहाटे सगुणाला खायला कोण घालतं? एरवी कुणी कबूल झालं नसतं. पण आत्ताच शील घेतलेलं, समोर बुद्धमूर्ती, काय करणार! चैताली म्हणाली, मी चार वाजता थोडी बिस्किटं देते, आजीची झोप मोडू नये म्हणून. रोहिणी म्हणाली, मी साडेचारला दूध देते, आईंची झोप मोडू नये म्हणून. मग त्या दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मामा, मी पाच वाजता माशाचं एक पाकीट देत होतो. कारण तेच.

त्या दिवसापासून सगळ्यांनी खरोखर बंद केलं. आज आठवा दिवस. सगुणा पावणेचारलाच ओरडते आहे. खायला मिळत नाही हे माहीत असूनही ओरडते आहे. माझे सर्व उपाय संपले. ऑफिसात काल मी एका पेन्शनच्या फाइलवर ‘मांजर’ असा शेरा मारला, साहेबांनी तो खोडून मला घरी जाऊन झोपायला सांगितलं. कुठे झोपू?

बाकी मजकूर काही नाही. मामींना जयभीम, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
प्रफुल्ल

ता. क. – खरं म्हणजे पत्र याच्यासाठी लिहिलं. मंगळवारपर्यंत तरी सगुणाला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? कांद्याच्या चाळीत उंदीर असतातच. सावळीराम म्हणतो, परवाच्या फेरीला पाटीत घालून नेईन. आईला आम्ही काहीतरी सांगू. काय सांगायचं ते तुम्हीच सुचवा, मला तिच्यासमोर खोटं बोलता येत नाही.

ता. क. दुसरा – मामा, वरचं रद्द समजा. पत्र पाकिटात घालायचं होतं पण गोंद सापडेना, म्हणून उघडंच राहिलं ते बरं झालं. आज गुरुवार. सावळीरामची गाडी काल रिकामी झालीच नाही म्हणून तो थांबला, आता निघेल. आज मी मुद्दाम साडेतीनलाच उठून बसलो होतो, मांजर नेमकं कशानं उठतं ते बघायला. सगुणा आईच्या पायाशी मुटकुळं करून गाढ झोपली होती. आई जागी होती. उठून बसलेली. तिनं वाकून सगुणाला हलवून उठवलं, मांडीवर घेतलं आणि तिच्याशी बोलू लागली. आई अठ्ठावीस वर्षं दवाखान्यात आया होती, पेशंटना स्ट्रेचरवरून ऑपरेशनला नेताना ती त्यांच्याशी ज्या आवाजात बोलायची, त्या आवाजात. ‘काहीच व्हत नही, बाई. मुंगी चावस ना, तितलंच.’ चार-पाच वेळा म्हणाली. मग मांजर कंटाळून उतरलं आणि जागं झालंच आहे तर न्याहरी मागायला आमच्याकडे आलं.

आई घाबरली आहे, मामा. हजारो लोकांना तिनं धीर दिला, आणि तिला धीर द्यायला आमच्या घरात मांजर सोडून कुणी नाही, असं तिला वाटतंय. मी तिचा मुलगा असून दोन महिने यंत्रं मागवत बसलो. दोन्ही वेळा आदल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, कारभारी येईल का रे? दोन्ही वेळा मी म्हणालो, कांद्याच्या दिवसांत त्यांना कशाला त्रास. तुम्हाला कळवलंसुद्धा नाही. चुकलं माझं.

तुम्ही सोमवारी या. रात्री राहा, तिच्याच खोलीत अंथरूण घालतो. तुम्हाला अचानक दारात बघून ती कारण विचारील. कांदा, बाजार, बँक, असलं काही सांगू नका. ‘अक्का, तुझ्यासाठी आलो’ एवढंच म्हणा.