सतरा नंबरचा दगड

प्रिय खारूताई,

शहराची वाढ जिथे थांबवायची ती रेषा काल रद्द झाली. राज्य सरकारचा आदेश दुपारी आला आणि आमच्या साहेबांनी वर फोन लावून खात्री करून घेतली. रेषेपलीकडच्या बांधकामाला नाही म्हणायचा अधिकार आता महापालिकेला उरला नाही. तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असंच धरायचं. जमीन कशी आहे हे विचारणारा रकानाच नव्या अर्जात नाही. साहेब म्हणाले, चला, काम हलकं झालं. कोणी हसलं नाही.

रेषेवरचे दगड आठवतात का तुला? शाळेला सुट्टी लागली की चुन्याचा डबा घेऊन तू माझ्याबरोबर यायचीस आणि सतरा नंबरच्या दगडाला पाठ लावून उभी राहायचीस. पहिल्या वर्षी तो तुझ्या खांद्याला लागला, दुसऱ्या वर्षी कमरेला. बाबा, मी केवढी वाढले, असं सगळ्या मजुरांना सांगत सुटलीस. तुझी आई म्हणाली, पोरीला खरं सांगा हो. मी नाही सांगितलं. तू चार बोटं वाढली होतीस, बाकी दगड खचला होता. पुढे तो दिसेनासा झाला तेव्हा त्याच्यावर दुसरा बसवला, मग तिसरा. आज वर दिसतो तो चौथा.

चार महिन्यांपूर्वी तू आणि जावईबापूंनी इमारतीचा नकाशा माझ्यासमोर पसरलात. जागा तीच, सतरा नंबरच्या दगडापलीकडची. बाबा, तुमचा जन्म जमिनीच्या मोजणीत गेला, कशी आहे जागा? मी म्हणालो, छान आहे. कितीतरी दिवसांनी तुझा चेहरा फुललेला पाहिला होता. आणि मनात म्हटलं, रेषा आहे तोवर तिथे वीट बसायची नाही. शहर नाही म्हणेल, मला म्हणावं लागणार नाही.

आता शहराला म्हणता येत नाही, म्हणून मी म्हणतो. शनिवारी त्या जागेच्या करारावर सही करू नकोस. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर पुन्हा छान आहे म्हणालो असतो, म्हणून हे पत्र. शुक्रवारी मिळेल. जावईबापूंसमोर मला खोटारडा म्हण, चालेल. सोमवारी दगड उपटायला यंत्र येणार आहे. ते वरचा एक काढून पुढे जाईल. खालच्या तिघांची नोंद कुठल्याच नकाशात नाही.

तुझाच,
तेव्हाही गप्प राहिलेला
बाबा