रविवारची लाइन

समता कॉलोनी, रायपूर

प्रिय निरंजन,

पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. रायपूर राजधानी झालं, तेलीबांध्याला उंच इमारती आल्या, पण संध्याकाळ झाली की आपल्या गल्लीतलं इंटरनेट रडतंच. त्याचं कारण तूच पुण्याहून समजावलं होतंस. गल्लीत येणारी लाइन एकच आणि घरं ढीगभर. सगळे मालिका नाहीतर क्रिकेट लावून बसले की प्रत्येकाच्या वाट्याला धार बारीक. नळाला घरोघरी पाणी ओढणारे टुल्लू पंप लागल्यावर होतं तसंच. मला पटलं. आईला पोराचं पटतंच.

निदान घरातले वाटेकरी तरी कमी करा, म्हणालास. वरच्या मजल्यावरच्या मीनलला आपण विरजण देतो तसा पासवर्डही दिला होता. तिची श्रावणी त्यावर रविवार संध्याकाळचा ऑनलाइन क्लास करायची. मी तो बदलला. पोट्टी जिन्यात येऊन हिंदीत विचारायला लागली, आंटी, वाय-फाय क्यों नहीं आ रहा. लाइनच खराब आहे बेटा, असं मी तिला तोंडावर सांगितलं. रविवारी संध्याकाळी तुझा व्हिडिओ कॉल आला की टीव्ही बंद, बाबांचा मोबाइल बंद. तरीही बाबांच्या छातीच्या दुखण्याचा विषय निघाला की तुझा चेहरा अर्ध्या वाक्यात अडकायचा आणि कॉल तुटायचा. मी गल्लीच्या नावाने बोटं मोडायची.

शेवटी बाबांनी तुला न सांगता वेगळी लाइन घेतली, कुणी वाटेकरी नसलेली. गेल्या रविवारी तू इतका स्वच्छ दिसलास की दाढीतले पांढरे केससुद्धा दिसले. डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलंय, तू ये, असं मी म्हटलं आणि तुझा चेहरा अडकला. ओठ अर्धवट उघडे, डोळे स्थिर. मी हॅलो हॅलो करत बसले. बाबा चष्मा पुसून स्क्रीनजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "इंदू, पंखा तं फिरून राहिला ना वो."

तुझ्या डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता. मागचा पडदाही हलत होता. मग तू कॉल तोडलास. लहानपणी स्टॅच्यू खेळताना सगळ्यांत आधी हसायचा तो तूच. आता बरं जमायला लागलंय. मला राग आलाय निरंजन, आणि तो झाकून ठेवायची माझी इच्छा नाही. बाबांनी तेव्हापासून तुझं नाव काढलेलं नाही.

ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. मीनल आणि तिचा नवरा सोबत येणार आहेत, त्यांना सांगावं लागलं नाही. तुला यायचं असेल तर ये. नसेल तर बहाणा शोधू नकोस, पत्रात चेहरा धरून बसावं लागत नाही. मी लिहायला बसले ते एवढंच कळवायला, की रविवारी संध्याकाळी आता फोन करू नकोस. नवा पासवर्ड मी श्रावणीला दिला आहे. त्या वेळी लाइन तिची असते.

एके काळी फक्त तुझीच,
आई